आलेखाचे अल्बम-मुखपृष्ठ

मोजणीतून मिळालेल्या आकड्यांचा आलेख काढून तोच गीतसंग्रहाच्या मुखपृष्ठावर चित्र म्हणून छापण्याची पद्धत. सर्वांत गाजलेला नमुना जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या ‘अननोन प्लेझर्स’ (१९७९) या अल्बमचा. काळ्यावर पांढऱ्या ८० रेघा. दर्शनी बाजूस ना बँडचे नाव, ना अल्बमचे. या रेघा खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल यांना १९६७ मध्ये सापडलेल्या पहिल्या पल्सार ताऱ्याच्या. तो दर १.३३७ सेकंदांनी रेडिओ लहरींचा एक ठोका देतो. संशोधक हॅरल्ड क्राफ्ट यांनी आरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींवरून पीएच.डी.साठी हा आलेख काढला (१९७०). मूळ आलेख पांढऱ्यावर काळा. मुखपृष्ठाचे रचनाकार पीटर सॅव्हिल यांनी रंग उलटे केले. उसना घेतलेला आलेख आणि रंगांची अदलाबदल, एवढेच भांडवल!

सगळी गंमत कापणीत आहे. सलग नोंदीचे एका आवर्तनाएवढे, म्हणजे एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतचे, तुकडे करून ते एकाखाली एक लावायचे. प्रत्येक रेघेखालचा भाग पार्श्वभूमीच्या रंगाने भरला, की पुढचा डोंगर मागच्याला झाकतो. आवर्तनाचे माप जरा चुकले तरी शिखरे रेघेगणिक तिरकी सरकत जातात.

खान्देशात अशा आकड्यांना तोटा नाही. जळगाव-भुसावळच्या तापमानाची दर वर्षाला एक रेघ ओढली, तर डोंगर मे महिन्याच्या आसपास येतो. हतनूर धरणातून तापीत सुटणाऱ्या पाण्याचा डोंगर पावसाळ्यात, आणि उन्हाळ्यात रेघ जवळजवळ सपाट. पण गाण्याच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याचाच आलेख अधिक शोभतो. अहिराणी गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे केरवा तालाच्या आठ मात्रांवर तुकडे केले, तर संगणकी ठेक्याची शिखरे एका ओळीत उभी राहतात. श्रावणात कानबाई या खान्देशी देवीपुढे बाया जमून म्हणतात त्या गाण्यांची शिखरे नागमोडी जातात, कारण लय कधी चढते, कधी रेंगाळते. चित्र म्हणून दुसरे कितीतरी सरस.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे (शके ११२८). भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त गणित पद्यात बांधले, येथे वाट उलटी, गाण्याचेच आकडे होतात.

अडचण आकाराची. बारा इंची तबकडीच्या वेष्टनावर ८० रेघा सुट्या दिसतात. मोबाइलवर यूट्यूबच्या बोटभर चित्रात त्यांचा राखाडी पट्टा होतो. तेथे वीसेक जाड रेघा पुरतात.