चारी बाजूंना हात फुटले म्हणजे चेतापेशी होत नाही

मेंदूतली पेशी कापडावर भरायची म्हटली की बहुतेक जण मध्ये एक गोळा काढतात, आठ दिशांना आठ सारखे हात सोडतात आणि खाली ‘चेतापेशी’ लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात भरलेली असते ॲस्ट्रोसाइट, म्हणजे मेंदूतली ताऱ्यासारखी दिसणारी आधारपेशी. आपल्या बेळगाव-धारवाडकडे या घोटाळ्याचं निम्मं खापर कसुतीवर, म्हणजे इकडच्या पारंपरिक भरतकामावर, फोडायला हरकत नाही. गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, कमळ… इरकलीवरचे बहुतेक नमुने डावं-उजवं तोलून भरायचे. त्या वळणाचा हात चेतापेशीलाही तोलायला जातो आणि तिचा तारा करून ठेवतो.

चेतापेशी शाळेत सगळ्यांनी काढली आहे: पेशीकाय म्हणजे मधला गोळा, वृक्षिका म्हणजे त्याला फुटलेले झाडासारखे फाटे, अक्षतंतू म्हणजे संदेश पुढे नेणारी लांब तार. त्यात वेळ घालवत नाही. रंगाचाही बाऊ नको. इटालियन शास्त्रज्ञ गोल्जीने १८७३ मध्ये मांडलेल्या चांदीच्या रंजनपद्धतीत दोन्ही पेशी काळ्याच दिसतात, आणि हल्लीच्या चित्रांतले झगझगीत हिरवे-लाल रंग संशोधकांनी सोयीने निवडलेले असतात. हवा तो दोरा घ्या. फक्त ‘विजेचा संदेश’ दाखवायला जरीचा दोरा घालू नका. पेशी राहते बाजूला, ब्लाउजचा गळा दिसायला लागतो.

खरी मेख अक्षतंतूत आहे. चेतापेशीला वृक्षिका कितीही असोत, अक्षतंतू बहुधा एकच, आणि त्याची चाल वृक्षिकेपेक्षा अगदी वेगळी. वृक्षिका पेशीकायाजवळ जाड असते, प्रत्येक फाट्यागणिक बारीक होत जाते आणि फाटे अरुंद कोनात फुटतात. अक्षतंतू निघतो तोच बारीक, लांबवर जवळपास त्याच जाडीचा राहतो आणि त्याचे फाटे बरेचदा काटकोनात निघतात. ॲस्ट्रोसाइटला अक्षतंतू नसतोच. म्हणून हात मोजत बसू नका, जाडी बघा.

हे टाक्यात उतरवायचं तर पिरॅमिडच्या आकाराची चेतापेशी घ्या. मांजरपाटावर १ सेंमीचा उभा त्रिकोण दोन पदरी दोऱ्याने भरा. शेंड्यातून वर जाणारी मुख्य वृक्षिका तीन पदरी, देठाच्या टाक्याने, टाका ३ मिमीचा. पहिला फाटा आला की सुई मागे काढा, एक पदर सुईतून सोडवून मागच्याच चार टाक्यांखाली खोचून कापा आणि उरलेल्या दोन पदरांनी पुढे चला. पुढच्या फाट्याला पुन्हा तेच. बरेच जण इथे कंटाळा करून शेवटपर्यंत तीन पदर ओढतात आणि झाडाऐवजी खराटा तयार होतो. त्रिकोणाच्या तळातून तीन-चार आखूड वृक्षिका अशाच काढा. वृक्षिकांवर एक पदरी, १ मिमीचे आडवे काटे घाला. अक्षतंतूवर मात्र काटे नकोत.

अक्षतंतूला कसुतीतला गवंती नावाचा टाका चपखल बसतो. गवंतीची रेघ एकाच जाडीची, कापडाचे धागे मोजून सरळ चालणारी. फाट्याच्या टोकापर्यंत धावदोरा घालत जायचं आणि परतताना मोकळ्या जागा भरत मूळ रेघेवर यायचं. काटकोनातले फाटे तिला आयतेच जमतात. एकच पदर घ्या. परतताना सुई आधीच्याच भोकातून गेली पाहिजे. आधीच्या दोऱ्यातून आरपार गेली की रेघ तिथे फुगते. मांजरपाटाचे धागे मोजवत नसतील तर मॅटीचं कापड घ्या. वृक्षिकेला मात्र गवंती नको, ती बारीक होत जाऊ शकत नाही. लांबीचा हट्टही नको: २० मायक्रोमीटरचा पेशीकाय १ सेंमीचा काढला, तर नुसता १ मिमीचा अक्षतंतू अर्धा मीटर भरतो. कापडाच्या काठापर्यंत नेऊन तिथेच तोडा.

ॲस्ट्रोसाइट त्यामानाने सोपी. पेशीकाय लहान, पाच-सहा मुख्य हात, सगळे कमीजास्त लांबीचे, एक पदरी. पुस्तकातला तारा हा पेशीचा आतला सांगाडा. खऱ्या पेशीभोवती बारीक फाट्यांचं दाट झुडूप असतं, ते आखूड सुट्या टाक्यांनी भरा. मेंदूच्या करड्या भागात शेजारच्या ॲस्ट्रोसाइट आपापली जागा धरून असतात, कडेलाच जेमतेम शिवतात. त्यामुळे दोन काढायच्या असतील तर त्यांची झुडपं एकमेकांत घुसवू नका. चेतापेशींच्या वृक्षिका खुशाल गुंतू देत.

दोन्हींत एक काळजी: गडद दोरा मागून एका हातावरून दुसऱ्या हातावर उडवू नका, फिक्या कापडातून त्याची सावली पुढे दिसते.

आठ हातांचा तुकडा आधीच भरून झाला असेल तर उसवायची गरज नाही. शेजारून दोन समांतर रेघांची केशवाहिनी, म्हणजे बारीक रक्तवाहिनी, न्या, एक हात तिच्यापर्यंत वाढवून टोकाला ॲस्ट्रोसाइटचं चपटं पाऊल भरीव टाक्याने वाहिनीवर टेकवा, बाकीच्या हातांना बारीक फाटे घाला आणि खालचं ‘चेतापेशी’ तेवढं उसवा.