बर्गर्स आणि केडीव्ही: सुरुवात एक, शेवट दोन

बर्गर्स आणि कॉर्टवेग-डी व्ह्रीस (लोक केडीव्हीच म्हणतात) ही लाटांची दोन समीकरणं शेजारी शेजारी लिहिली तर पहिली दोन पदं अगदी सारखी दिसतात: लाटेच्या उंचीचा काळानुसार होणारा बदल, अधिक उंची गुणिले उतार. फरक शेवटच्या पदात आहे. बर्गर्समध्ये तिथे जागेनुसार घेतलेला दुसरा अवकलज (बदलाच्या दराचा दर) असतो, केडीव्हीमध्ये तिसरा, आणि दोन्हींना गुणणारा एखादा चिमुकला सहगुणक. इतक्या छोट्या पदाने काय मोठा फरक पडणार, असं वाटणं साहजिक आहे. पण लाटेचं भवितव्य ठरवतं ते हेच पद.

समजा, २ एकक लांबीच्या गोल कड्यावर कोसाइनची एक लाट सोडली. म्हणजे उजवं टोक डाव्याला जोडलेलं; लाट जागेत आवर्ती आहे. (ती काळातही आवर्ती असेल असं यातून अजिबात ठरत नाही. हा दुसरा घोळ, त्याकडे पुढे येऊच.) उंची हाच वेग असल्यामुळे शिखरं पुढे धावतात, दऱ्या मागे राहतात आणि पुढची बाजू उभी होत जाते. परमप्रसर (लाटेची मधल्या पातळीपासूनची कमाल उंची) १ असेल तर साधारण ०.३२ एकक काळाला, नेमकं सांगायचं तर १ भागिले पाय (π) इतक्या काळाला, ती भिंतीसारखी उभी होते. इथवर दोन्ही समीकरणांत जवळपास एकच चित्र दिसतं.

बर्गर्समध्ये आता श्यानता, म्हणजे दुसऱ्या अवकलजाच्या पदातला चिकटपणा, कामाला लागते. उभ्या भिंतीच्या जागी आघाततरंग (अरुंद जागेत उंची एकदम बदलणारी लाट) तयार होतो, त्यात ऊर्जा जिरत राहते आणि लाटेला करवतीच्या दात्यांचा आकार येतो. श्यानता फार कमी असेल तर बराच काळ या दात्याची उडी (वरच्या आणि खालच्या टोकांतला फरक) साधारण ‘आवर्ताची लांबी भागिले काळ’ इतकी असते. या सूत्रात सुरुवातीच्या उंचीचा पत्ताच नाही! परमप्रसर १ घ्या किंवा १००, काळ ५० झाला की उडी ०.०४ च्या आसपासच. जन्माच्या वेळी कोण मोठं होतं, हे लाट विसरून जाते. शेवटी श्यानता घातांकी वेगाने उरलंसुरलंही पुसून टाकते आणि सगळं सरासरी उंचीवर सपाट होतं. काळाच्या व्यस्त प्रमाणातला हा ऱ्हास एकत्र सोडवायच्या दोन समीकरणांच्या संहतींनाही लागू पडतो, हे गणितज्ञ ग्लिम आणि पीटर लॅक्स यांनी १९७० मध्ये दाखवलं.

केडीव्हीमध्ये असं विसरणं शक्यच नाही. तिथे उंचीच्या वर्गाची कड्यावरची बेरीज कायम राहते, त्यामुळे लाट सपाट होऊच शकत नाही. अशा अक्षय्य राशी अनंत आहेत. तिसऱ्या अवकलजामुळे ऊर्जा जिरत नाही. वेगवेगळ्या तरंगलांब्या वेगवेगळ्या वेगाने जातात, एवढंच. भिंत उभी राहायला आली की तिच्यातून टोकदार शिखरं सुटी होतात. झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी १९६५ मध्ये नेमकी हीच लाट संगणकावर सोडली, सहगुणक ०.०२२ चा वर्ग. आठ शिखरं दिसली, ती एकमेकांतून आरपार गेली, आणि भिंत उभी राहायला लागलेल्या काळाच्या ३०.४ पट काळाने सुरुवातीचा आकार जवळपास परत आला. या शिखरांना त्यांनी सॉलिटॉन म्हटलं.

‘जवळपास’ हा शब्द महत्त्वाचा. कॉर्टवेग आणि डी व्ह्रीस यांनी १८९५ मध्ये काढलेल्या, आकार न बदलता सरकणाऱ्या लाटा कड्यावर फिरून बरोब्बर जागेवर येतात. त्या काळातही खऱ्या अर्थाने आवर्ती. पण अशी उत्तरं अपवादात्मक. गुळगुळीत आवर्ती सुरुवातीतून निघालेलं केडीव्हीचं प्रत्येक उत्तर काळात ‘जवळजवळ आवर्ती’ असतं, हे मॅकीन आणि ट्रुबोविट्झ यांनी १९७६ मध्ये सिद्ध केलं: ते हवं तितकं जवळ, पुन्हा पुन्हा येतं, पण त्याचा ठराविक आवर्तकाल असेलच असं नाही.

मला सगळ्यात फसवी वाटते ती सहगुणक शून्याकडे नेण्याची गोष्ट. शून्य ठेवलं तर दोन्ही समीकरणं एकच होतात, म्हणून सीमाही (शून्याकडे जाताना उत्तर ज्याच्या जवळ जातं ते) एकच असेल असा तर्क सहज केला जातो. तो चुकीचा आहे. बर्गर्समध्ये श्यानता कमी केली की आघाततरंग पातळ होत जातो आणि सीमेला स्वच्छ उडी मिळते. केडीव्हीमध्ये सहगुणक कमी केला की भिंतीच्या जागी होणारी थरथर बारीक होते, पण तिची उंची कमी होत नाही. त्या थरथरीची सरासरी काढली तरी ती बर्गर्सच्या उडीशी जुळत नाही. अनंत रेषेवर हे लॅक्स आणि लेव्हरमोर यांनी उलगडून दाखवलं. तेच लॅक्स, दोन्ही बाजूंना.

संगणकावर मात्र ही दोन समीकरणं गुपचूप एकमेकांत घुसतात. केडीव्हीतल्या अरेषीय पदासाठी (उंची गुणिले उतार) पहिल्या कोटीची अपविंड पद्धत, म्हणजे लाट येते त्या बाजूच्या बिंदूवरून उतार काढणारी ढोबळ पद्धत, वापरली, तर तिच्या चुकीतला मुख्य भाग दुसऱ्या अवकलजाचाच असतो; म्हणजे आपण न सांगता श्यानता घातली. मग सॉलिटॉन हळूहळू खचतात आणि आकार परत येतच नाही. उलट बर्गर्ससाठी मध्य फरक पद्धत (दोन्ही बाजूंच्या बिंदूंवरून उतार काढणारी) घेतली आणि जाळी जाड, म्हणजे बिंदू लांब लांब, ठेवली, तर आघाततरंगाजवळ लाटालाटा उठतात. त्या समीकरणातल्या नाहीत, पद्धतीतल्या आहेत. म्हणून चित्र बघण्याआधी उंचीच्या वर्गाची बेरीज काळासमोर मांडून बघावी. केडीव्हीत ती रेघ आडवी हवी. उतरत असेल तर प्रोग्रॅम वेगळंच समीकरण सोडवतोय.