लोगोच्या कडेला चिकटलेला पांढरा रंग

गेल्या गणपतीत आमच्या मंडळाचा फ्लेक्स लागला. गडद निळ्या रंगावर लाल लोगो. रस्त्यापलीकडून झकास दिसत होता. जवळ गेलं की मात्र अक्षरांभोवती फिकट गुलाबी कड, कुणी खडूने गिरवल्यासारखी. लोगोचं बॅकग्राउंड मीच उडवलं होतं, त्यामुळे बोट दाखवायला दुसरं कुणी नव्हतं.

मी काय केलं होतं? मॅजिक वाँड, म्हणजे क्लिक केलेल्या रंगासारखे पिक्सेल निवडणारं चित्र-सॉफ्टवेअरमधलं हत्यार, घेऊन पांढऱ्यावर क्लिक आणि डिलीट. बहुतेक जण हेच करतात. वाँड प्रत्येक पिक्सेलला एकच प्रश्न विचारते: तू पांढरा आहेस की नाहीस? आणि लोगोच्या कडेवरच्या पिक्सेलकडे या प्रश्नाचं धड उत्तरच नसतं.

आमच्या लोगोचा लाल म्हणजे २०५, ५५, ५५. लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांची ही मापं, प्रत्येकी ० ते २५५. पांढरा कागद म्हणजे तिन्ही २५५. आता ‘ग’ची गोलाई एखाद्या चौकोनी पिक्सेलच्या मधून गेली, तर तो अर्धा लाल आणि अर्धा पांढरा हवा. पण एका पिक्सेलला रंग एकच. मग सॉफ्टवेअर सरळ सरासरी काढतं: २३०, १५५, १५५. हाच तो गुलाबी. पांढऱ्या कागदावर ही लबाडी डोळ्याला कळत नाही, उलट कड गुळगुळीत वाटते. याला अँटी-अलायसिंग म्हणतात. कागद काढून घेतला तरी त्याचा अर्धा वाटा त्या गुलाबीत मुरलेलाच राहतो, आणि निळ्यावर ठेवला की उघडा पडतो.

खरं तर त्या पिक्सेलबद्दल म्हणायचं असतं ते एवढंच: रंग पूर्ण लाल, पण हजेरी निम्मी. हे लिहायला चौथा आकडा लागतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि अ‍ॅल्वी रे स्मिथ यांनी तो आकडा चित्रातच साठवायची सोय केली. नाव दिलं अल्फा, कारण दोन रंग मिसळायच्या सूत्रात ते ग्रीक अक्षर असतं:

दिसणारा रंग = अल्फा × पुढचा रंग + (१ − अल्फा) × मागचा रंग

१९८४ मध्ये लुकासफिल्म या चित्रपट कंपनीतल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी यावर एकावर एक चित्रं ठेवण्याचं सगळं गणित बसवलं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने पुढे या चौघांना तांत्रिक पुरस्कार दिला. जेपीईजी या फोटोंच्या नेहमीच्या फाइलप्रकारात हा चौथा आकडा ठेवायला जागाच नाही. जीआयएफ या दुसऱ्या प्रकारात पारदर्शकता आहे, पण ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच. १९९६ मध्ये आलेल्या पीएनजीत मधल्या पायऱ्याही ठेवता येतात, म्हणून डीटीपीवाला ‘पीएनजी द्या’ म्हणतो. (नेटवरून उतरवलेल्या काही ‘पारदर्शक’ पीएनजींत सॉफ्टवेअर पारदर्शक जागा दाखवायला वापरतं ते राखाडी-पांढरे चौकोन चक्क रंगवलेले असतात. तो निव्वळ छळ आहे.)

तर बॅकग्राउंड उडवणं म्हणजे हे सूत्र उलटं सोडवणं. दिसणारा रंग माहीत, मागचा पांढरा माहीत. राहिले लोगोच्या रंगाचे तीन आकडे आणि अल्फा. अज्ञातं चार, समीकरणं तीन. शाळेतलं बीजगणित आठवत असेल तर इथे काय होतं ते कळलंच असेल: उत्तरं असंख्य. याच स्मिथनी जेम्स ब्लिन यांच्यासोबत १९९६ मध्ये दाखवलं, की तीच वस्तू दोन वेगवेगळ्या रंगांच्या पडद्यांपुढे टिपली तर कोडं पुरतं सुटतं. आपल्याकडे मात्र एकच जेपीईजी असते.

गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘कलर टू अल्फा’ नावाची सोय आहे. ती असंख्य उत्तरांतलं सगळ्यात पारदर्शक उत्तर निवडते. आमच्या भरीव लालला तिने दिलं १९१, ०, ० आणि हजेरी ७८ टक्के. पांढऱ्यावर ठेवलं तर रंग तंतोतंत तोच, पण निळ्यावर ठेवताच अख्खा लोगो काळपट पडला! कड सुटली आणि पोट पातळ झालं. काळ्या लोगोला हा त्रास होत नाही, कारण शुद्ध काळ्यात पांढऱ्याचा अंशच नसतो.

मग युक्ती सुचली. लोगो एकरंगी आहे, म्हणजे त्याचा लाल मला आधीच माहीत आहे. अज्ञात उरला फक्त अल्फा. लोगोचा रंग उतरवून तो राखाडी केला, लेव्हल्सने (उजेड-अंधार कमीजास्त करणाऱ्या सोयीने) ताणून पूर्ण काळा केला, मग पांढऱ्यावर ‘कलर टू अल्फा’. आता अल्फा चॅनेल लॉक करून, म्हणजे हजेरीचे आकडे बदलू न देता, वरून लाल ओतला. कडेच्या पिक्सेललाही पुरा लाल मिळाला, हजेरी निम्मीच राहिली. उद्या भगवा हवा असेल तर भगवा ओता, आकाराला धक्का नाही.

रंग बदलायला ह्यूची पट्टी सरकवणारे इथेच फसतात. ह्यू म्हणजे रंगचक्रावरची जागा. ह्यू, रंगाचा गडदपणा आणि उजेड अशा तीन मापांनी रंग सांगणारं हे एचएसव्ही मॉडेलही १९७८ मध्ये स्मिथनीच मांडलं. काळा, पांढरा आणि राखाडी यांना त्या चक्रावर जागाच नाही, त्यामुळे पट्टी कितीही फिरवा, काळा लोगो ढिम्म हलत नाही.

दोनरंगी लोगोला मात्र माझी युक्ती लागू पडत नाही. त्यात आमची फाइल मोबाइलवरून दहा ठिकाणी फिरून आलेली. जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे पाडून दाबते, त्यामुळे अक्षरांशेजारचा पांढराही शुद्ध उरत नाही, कुठे २५४, कुठे २४७. तेच ठिपके नंतर धुळीसारखे दिसतात. नवा फ्लेक्स छापायला गेलो तेव्हा ऑपरेटरने माझी पीएनजी मोठी करून पाहिली, मान डोलावली आणि म्हणाला, “चांगलंय, पण ज्यानं लोगो बनवला त्याच्याकडून कोरलड्रॉमधली मूळ फाइलच का नाही आणत?”