कोल्हापूरच्या गच्चीवरची डिश, पुण्यातला मोबाइल

राजारामपुरीत एखाद्या उंच गच्चीवर चढून आजूबाजूला बघा. डीडी फ्री डिशच्या सगळ्या छत्र्यांची तोंडं आग्नेयेला दिसतील. त्या जीसॅट-१५ या उपग्रहाकडे रोखलेल्या असतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. कोल्हापूरच्या आभाळात तो क्षितिजापासून साधारण ६० अंशांवर येतो, आणि आपल्या गच्चीपासून त्याचं अंतर भरतं जवळपास ३६,५०० किलोमीटर. एवढं अंतर कापून सह्याद्री वाहिनी घरात सुखरूप पोचते. पण घरातली तीच वाहिनी पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर न्यायची म्हटली, की २३० किलोमीटरचा रस्ता त्याहून अवघड होऊन बसतो.

कारण या दोन वाटांची जातच वेगळी आहे. अंबाबाईच्या देवळातली घंटा वाजली की परिसरातल्या प्रत्येकाला ती ऐकू येते. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, वाजवणाऱ्याचे कष्ट तेवढेच. उपग्रहाचं प्रक्षेपण तसंच चालतं. नवी डिश बसली म्हणून वर जास्तीची वीज लागत नाही. घरातून मोबाइलकडे जाणारा प्रवाह मात्र एकट्या त्या मोबाइलसाठीच तयार करावा लागतो, आणि तो क्षणाक्षणाला पुरवत राहावा लागतो.

हा प्रवाह तयार कसा होतो? उपग्रहाच्या लहरी केयू पट्ट्यातल्या, म्हणजे सेकंदाला ११-१२ अब्ज कंपनांच्या आसपास. इतक्या वेगाच्या लहरी साध्या केबलमधून खाली आणायला गेलं तर वाटेतच विरून जातात. म्हणून छत्रीसमोरच्या दांडीवर बसवलेला एलएनबी त्यांची कंपनसंख्या ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवतो आणि मग केबलमध्ये सोडतो. सेट टॉप बॉक्स त्यातून हवी ती वाहिनी वेगळी काढतो. साध्या दर्जाच्या वाहिनीला एमपेग-२ या चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीत सेकंदाला दोन-चार मेगाबिट लागतात. घरचं अपलोड चांगलं असलं तरी एसटीत बसलेल्या माणसाच्या मोबाइलला घाटात तेवढं मिळेलच असं नाही. म्हणून चित्र आधी पूर्ण उलगडायचं, मग एच.२६४ सारख्या काटकसरी पद्धतीने पुन्हा घट्ट बांधायचं, आणि हे सेकंदाला २५ चित्रं या गतीने, न थांबता. नेट मंदावलं की चित्र जरा धूसर करायचं, सुधारलं की पुन्हा स्वच्छ. मला या सगळ्या साखळीतलं हे काम सर्वांत विलक्षण वाटतं. त्याचा एक परिणामही होतो: मोबाइलवरचं चित्र घरच्या टीव्हीपेक्षा काही सेकंद मागे राहतं. घरी विकेट पडते, फोन येतो, आणि पुण्यात गोलंदाज अजून धावतच असतो.

अमेरिकेत ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन या भावांनी याच गरजेतून स्लिंगबॉक्स बनवला. गावाबाहेर असताना त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स संघाचे बेसबॉल सामने बघायचे होते. जून २००५ मध्ये पेटी बाजारात आली. सेट टॉप बॉक्समधून टीव्हीकडे जाणारं चित्र ती अॅनालॉग तारांवरून घ्यायची, कारण एचडीएमआय तारेवर नक्कल रोखणारं कुलूप असतं. चॅनेल बदलायला ती रिमोटसारखे अवरक्त किरण सोडायची. अडचण लगेच लक्षात येईल: बॉक्समध्ये ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारा भाग, एकच. मुलाने पुण्यात बसून क्रिकेट लावलं, की घरी आजींची मालिका गेलीच. दुसरी केबल जोडून भागत नाही, त्याला दोन तोंडांचा एलएनबी लागतो. कारण लहरी उभ्या घ्यायच्या की आडव्या, हे एलएनबी केबलवरून येणाऱ्या १३ किंवा १८ व्होल्टवरून ठरवतो, आणि एका वेळी एकाच ट्यूनरचं ऐकू शकतो.

खरी गाठ मात्र पत्त्याची आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. जगाला ते पुरत नाहीत, म्हणून नेट पुरवणारे अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. घरातून बाहेर मागणी जाते तेव्हा उत्तर बरोबर परत येतं. बाहेरून कुणी आपणहून आलं तर त्याने नेमक्या कुठल्या घरात जायचं, ते ठरत नाही. स्लिंगबॉक्स आणि मोबाइल यांची गाठ कंपनीचे सर्व्हर घालून द्यायचे. ९ नोव्हेंबर २०२२ ला ते सर्व्हर बंद झाले आणि घरोघरच्या चालू पेट्या निकामी झाल्या. विकत घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असणं ग्राहकावर अन्यायाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आज हे घरी करायचं असेल तर फ्री डिश बरी. तिला महिन्याचं रिचार्ज नाही, आणि दूरदर्शनच्या बऱ्याच वाहिन्यांना कुलूप नाही. उपग्रहाचा ट्यूनर, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि टीव्हीहेडेंड हे वाहिन्या नेटवर पुरवणारं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं. नेटवाल्याकडे स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे फक्त आपल्या घराचा बाहेरचा पत्ता, मागा. तो मिळाला की व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधल्या खासगी कुलूपबंद वाटेने, घरात सुरक्षित शिरता येतं. हे फक्त घरच्यांसाठी ठेवा, मित्रमंडळींना वाटायला गेलात तर प्रसारण हक्कांचा भंग होतो. डेटाचंही गणित करून ठेवा: २ एमबीपीएसने तीन तासांचा सामना पाहिला तर २.७ जीबी जातात.

आणि जुलैची तयारी ठेवा. पावसाचे थेंब केयू लहरी शोषतात आणि विखुरतात, त्यामुळे कोल्हापुरात कोसळू लागला की पुण्यात लख्ख ऊन असलं तरी तिथला मोबाइल अडखळतो. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची डिश बसवली तर तिचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, तेवढा सिग्नल जास्त गोळा होतो. मध्यम पावसात ती तग धरते. मुसळधार सरीत तिचाही निभाव लागत नाही.