पुण्यातील नाट्य-संगीताची ठिकाणे

पुणे शहरात गायन, वादन, नृत्य, नाटक, कीर्तन व लोककला यांचे प्रत्यक्ष प्रयोग जेथे नेमाने होतात, अशी नाट्यगृहे, सभागृहे, देवस्थाने व उघडी पटांगणे. यांपैकी काही वर्षभर चालू असतात, तर काही वर्षातून चार-पाच दिवसच जिवंत होतात. त्यामुळे या शहरात काय ऐकायचे हे ठरवताना ठिकाणाइतकाच महिना आणि प्रहरही पाहावा लागतो.

पूना गायन समाजाची स्थापना १८७४ मध्ये झाली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी बुधवार पेठेतील आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाला खरा प्रेक्षक लाभला. पुढे भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये भारत गायन समाजाची आणि विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. या विद्यालयांतून गवई किती निर्माण झाले याची चर्चा नेहमी होते. परंतु त्यांनी घडवलेला श्रोता अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. स्वतः चार-दोन राग शिकलेला, पेटीवर बोट फिरवू शकणारा आणि म्हणूनच समेवर (तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) हात कुठे पडावा हे जाणणारा हा मध्यमवर्गीय श्रोता पुण्यातील बहुतेक सभागृहांचा आधार आहे.

सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिर हे या ठिकाणांतील एक महत्त्वाचे नाट्यगृह आहे. ते चालवणाऱ्या संस्थेचा उगम १८९४ मध्ये विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या मंडळात आहे. हौशी कलावंतांकडून संगीत नाटके बसवण्याची परंपरा या संस्थेने टिकवली असून रंगमंचाच्या कडेला ऑर्गन व तबला मांडून होणारे हे प्रयोग पाहण्यासारखे असतात ते प्रेक्षकांमुळेही. पद रंगले की ‘वन्समोअर’ची मागणी होते आणि नट भूमिका न सोडता तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा म्हणतो. याच रंगमंचावर १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचा पहिला प्रयोग केला. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत व कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्ययोजना असलेल्या त्या प्रयोगात कीर्तन, लावणी आणि कोकणातील खेळे (लोकनाट्य) यांचे रूपबंध आधुनिक नाटकात वापरले गेले. पुण्याच्या वेगवेगळ्या पेठांत वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर होणारे कीर्तन व लावणी हे प्रकार तेथे एका रात्रीत एकाच मंचावर आले.

भरत नाट्य मंदिराचे दुसरे रूप पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी दिसते. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा पावसाळ्याच्या उत्तरार्धात भरते. ठरलेल्या वेळेत नेपथ्य उभारून प्रयोग संपवण्याची शिस्त आणि प्रयोगाआधी ‘अरे, आवाज कुणाचा’ या आरोळीने छप्पर हलवणारे विद्यार्थी ही तिची ओळख आहे. पडदा उघडताच तोच जमाव गप्प होतो आणि एकांकिका फसली तर फारशी दयामाया दाखवत नाही. परीक्षकही सढळ नसतात. २०२२ मध्ये एकही एकांकिका करंडकास पात्र नाही असा निर्णय त्यांनी दिला आणि त्यावर बरेच दिवस वाद चालला. व्यावसायिक रंगभूमीवर पुढे नाव मिळवणारे अनेक नट, लेखक व दिग्दर्शक आधी या स्पर्धेत दिसलेले असतात, त्यामुळे तिकीट काढून हा गोंगाट सहन करणे रसिकाला परवडते.

जंगली महाराज रस्त्यावरील बालगंधर्व रंगमंदिर हे शहराचे मुख्य नाट्यगृह होय. त्याची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते १९६२ मध्ये बसवण्यात आली. परंतु उद्घाटन २६ जून १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या निधनानंतर आलेल्या पहिल्या जन्मदिनी झाले. पु. ल. देशपांडे यांच्या पुढाकाराचा त्यात मोठा वाटा होता. सुमारे हजार आसनांच्या या नाट्यगृहात नाटक, शास्त्रीय मैफल, वाद्यवृंद, नृत्याचे अरंगेत्रम (शिष्येचा पहिला जाहीर एकल प्रयोग), एकपात्री प्रयोग आणि लावणीचे कार्यक्रम असे सर्व काही होते. महापालिकेच्या नाट्यगृहांत दिवसाची तीन सत्रे धरली जातात आणि नाटकाचे प्रयोग साधारणपणे दुपारी साडेबारा, सायंकाळी साडेपाच व रात्री साडेनऊ या वेळांना लागतात. साडेबाराचा प्रयोग संपल्यावर एका नाटकाचा सेट मागच्या दाराने टेम्पोत चढत असतो आणि साडेपाचच्या नाटकाचे दरवाजे, सोफे, खिडक्या त्याच दाराशी उतरवून घेतले जात असतात. एवढ्या धांदलीतही तिसरी घंटा वेळेवर होणे हे रंगमंच कामगारांच्या कौशल्यावर अवलंबून असते. शनिवार-रविवारच्या तारखांसाठी निर्मात्यांत चुरस असते. पुनर्विकासाच्या प्रस्तावामुळे ही वास्तू गेली काही वर्षे चर्चेत आहे आणि कलावंतांमध्ये त्याविषयी दोन्ही बाजूंची मते आहेत. मध्यंतरातील बटाटावड्याविषयी मात्र मतभेद नाहीत.

पेठांतील वस्ती पश्चिमेकडे सरकली तसा नाटकाचा प्रेक्षकही सरकला. कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आज व्यावसायिक नाटकासाठी बालगंधर्वच्या तोडीचे मानले जाते आणि चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह हे दौऱ्यावरच्या मंडळींचे ठरलेले ठिकाण आहे. औंधचे पं. भीमसेन जोशी कलामंदिर, बिबवेवाडीचे अण्णाभाऊ साठे सभागृह, स्वारगेटजवळचा गणेश कला क्रीडा मंच आणि टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिर येथेही कार्यक्रम होतात. दैनिकांतील जाहिरातीत वार, वेळ व नाट्यगृह दिलेले असते. ऑनलाइन आरक्षण रुळले असले तरी खिडकीवर जाऊन आसनांच्या तक्त्यावर बोट ठेवून जागा मागणारे ज्येष्ठ प्रेक्षक अजून पुष्कळ आहेत.

प्रायोगिक नाटकाला मोठे नाट्यगृह मानवत नाही. शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंच या छोट्या जागेने ती गरज ओळखली; तेथे प्रेक्षक नटाच्या इतक्या जवळ असतो की पुटपुटणेही मागच्या रांगेपर्यंत पोहोचते. तो चालवणाऱ्या महाराष्ट्र कल्चरल सेंटरचेच हिराबागेतील ज्योत्स्ना भोळे सभागृह हे नाटकाबरोबर गाण्यासाठीही उत्तम आहे. तेथे डॉ. श्रीराम लागू यांच्या नावाचा रंग-अवकाशही उभा राहिला आहे. एरंडवण्यातील ‘द बॉक्स’ या जागेत मंच आणि आसने यांची मांडणी प्रयोगागणिक बदलता येते. अशा ठिकाणी प्रयोगानंतर नट व प्रेक्षक चहा घेत उभे राहतात आणि खरी समीक्षा तेथेच होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मैफलींमध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे स्थान वेगळे आहे. सवाई गंधर्व ऊर्फ रामभाऊ कुंदगोळकर यांचे निधन १९५२ मध्ये झाल्यानंतर त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने १९५३ पासून गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव भरवण्यास सुरुवात केली. गंगूबाई हनगल व फिरोज दस्तूर या गुरुबंधू-भगिनींचे गाणे हे अनेक वर्षे त्याचे वैशिष्ट्य होते. भीमसेनजींच्या निधनानंतर (२०११) त्यांचे नाव महोत्सवाच्या नावात जोडले गेले. पूर्वी रमणबाग शाळेच्या पटांगणात होणारा हा महोत्सव २०१८ पासून मुकुंदनगर येथील महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. डिसेंबरमधील थंडीत शाल, पाण्याची बाटली आणि बसायला आसन घेऊन आलेले हजारो श्रोते भारतीय बैठकीवर बसतात. खुर्च्यांचे तिकीट महाग असते, पण जाणकारांचे कोंडाळे बहुधा बैठकीवरच सापडते. मंडपामागे खाद्यपदार्थांचे स्टॉल असतात आणि तेथे रांगेत उभे राहूनही पडद्यावर गाणे दिसत असते. सांगतेला सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवीची ध्वनिमुद्रिका लावली जाते आणि श्रोते ती उभे राहून ऐकतात.

या महोत्सवात झालेला सर्वांत मोठा बदल जागेचा नव्हे, वेळेचा आहे. पूर्वी मैफल रात्रभर चाले आणि शेवटच्या दिवशी उजाडल्यानंतर संपे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी केली. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. परिणामी सत्रे दुपारीच सुरू होऊ लागली. भीमपलास, मुलतानी, मधुवंती, पटदीप या दुपारच्या व तिसऱ्या प्रहरच्या रागांना मोठ्या गवयांकडून न्याय मिळू लागला, पण उत्तररात्रीचे राग आणि पहाटेचे ललित, भटियार मोठ्या मंचावरून जवळजवळ नाहीसे झाले. शेजाऱ्यांच्या झोपेचा हक्क मान्य करूनही ही हानी नोंदवणे भाग आहे. वसंतराव देशपांडे यांच्या स्मरणार्थ जानेवारीत होणाऱ्या वसंतोत्सवालाही हीच मर्यादा लागू पडते. पहाटेचे राग ऐकायचे तर आता बंद सभागृहांतील रविवार सकाळच्या छोट्या मैफली शोधाव्या लागतात. ‘दिवाळी पहाट’ या नावाने सारसबागेत व नाट्यगृहांत होणारे कार्यक्रम वेळेने पहाटेचे असले तरी त्यांत भर भावगीते, नाट्यगीते व अभंग यांवर असतो; नवे कपडे आणि फराळ यांच्याइतकेच ते सणाचे अंग झाले आहेत.

नृत्याच्या क्षेत्रात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या नृत्यभारती संस्थेमुळे कथक पुण्यात रुजले. सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या मराठी राजांच्या रचना भरतनाट्यममध्ये आणल्या आणि हिंदुस्थानी रागसंगीतावर आधारित रचनाही केल्या. नृत्याचे कार्यक्रम मुख्यतः वर सांगितलेल्या सभागृहांतच होतात. त्यासाठी स्वतंत्र मोठे ठिकाण नाही.

सदाशिव पेठेतील नारद मंदिर हे हरिकीर्तनोत्तेजक सभेचे ठिकाण प्रयोगकलांच्या यादीतून अनेकदा वगळले जाते, ते योग्य नाही. नारदीय कीर्तन हे एकाच कलावंताने केलेले गायन, निरूपण, अभिनय आणि विनोद यांचे मिश्रण आहे. धोतर, उपरणे व पगडी घातलेले बुवा किंवा नऊवारीतील कीर्तनकार स्त्री हातात झांज वा चिपळ्या घेऊन उभी राहते, मागे तबला व पेटी असते. पूर्वरंगात एखाद्या अभंगावर विवेचन होते. मग नामाचा गजर चालू असताना कीर्तनकाराला बुक्का लावून हार घातला जातो आणि उत्तररंगात आख्यान लागते. साकी, दिंडी, कटाव, आर्या असे वृत्तांचे प्रकार आजही चालीसह ऐकायला मिळतात ते येथेच. तिकीट नसते, आरतीच्या ताटात जे पडेल ते.

गणेशोत्सवात शहरच मंच होते. सुमारे दोन महिने आधीपासून नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. मंडईजवळच्या टिळक पुतळ्यापासून निघणारी विसर्जन मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावर अनेकदा चोवीस तासांहून अधिक चालते. कसबा गणपतीसह मानाचे पाच गणपती पुढे असल्याने शिस्तीतले वादन ऐकू इच्छिणाऱ्याने सकाळीच जागा धरावी.

लष्कर (कॅम्प) भागात वेगळा प्रेक्षक भेटतो. माझदा हॉलमध्ये पूना म्युझिक सोसायटीच्या पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफली होतात, तर नेहरू मेमोरियल हॉलमध्ये इंग्रजी नाटके लागतात. रॉक व स्वतंत्र संगीतासाठी कोरेगाव पार्क-मुंढव्याचा परिसर ओळखला जातो. ‘एनएच ७ वीकेंडर’ हा महोत्सव २०१० मध्ये पुण्यातूनच सुरू झाला.

लावणीसाठी पूर्वेकडील पेठांतील आर्यभूषण थिएटर हे संगीतबारीचे जुने ठिकाण आहे. संगीतबारीत पेटी, तबला व ढोलकीच्या साथीने लावणी हीच मुख्य असते. गण, गौळण, बतावणी आणि वग (कथानक असलेला नाट्यभाग) असा सगळा खेळ असतो तो फडाच्या, म्हणजे फिरत्या मंडळीच्या, तमाशात. संगीतबारीची केंद्रे दौंड तालुक्यातील चौफुला येथेही आहेत. फडाच्या तमाशासाठी मात्र पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगाव गाठावे लागते. विठाबाई नारायणगावकर यांच्या या गावी चैत्रातील जत्रांच्या आधी निरनिराळ्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावची पंचमंडळी राहुट्या हिंडून फडात यंदा कोण नाचणार, वग कोणता, गाड्या किती, याची चौकशी करतात आणि मॅनेजरशी घासाघीस करून सुपारी (खेळाचा करार) ठरवून विसार देतात. राहुटीत खेळ होत नाही. तो पाहण्यासाठी ज्या गावची जत्रा असेल तेथे रात्री जावे लागते आणि सुपारीची रक्कम गावाच्या वर्गणीतून दिलेली असल्याने तेथे तिकीट लागत नाही.