सुधारित बी आणि संकरित बी: परड्यातला जुना घोळ

मृग जवळ आला की बेळगावच्या बियाण्यांच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पाकिटातलं सगळं हायब्रीडच. धरून ठेवून काय करणार, उगवत नाही." शहापूर-वडगावपासून खानापूर, निपाणीपर्यंत परडं राखणारी जाणती माणसंही हेच सांगतात. यात दोन चुका आहेत, आणि त्यापायी घरचं धरता आलं असतं ते बी लोक वर्षानुवर्षं विकत आणतात.

गावठी बी तुम्हाला माहीत आहेच. राखेत घोळून डब्यात ठेवलेला घेवडा, आढ्याला टांगलेला वाळका दोडका, संकेश्वरी मिरची. त्याबद्दल मी सांगायला नको. प्रश्न पाकिटाचा आहे, कारण पाकिटात सुधारितही असतं आणि संकरितही.

सुधारित वाण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या निवड करून स्थिर केलेला वाण. त्याचं बी पेरलं की तसंच झाड येतं. संकरित म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध वाणांचा मुद्दाम संकर करून मिळालेली फक्त पहिली पिढी. हे बी दर हंगामाला त्याच आईबापांपासून नव्यानं तयार करावं लागतं.

खरी गफलत पुढे आहे. एखादा वाण संकरातून जन्मला म्हणून तो संकरित ठरत नाही. अर्का अनामिका भेंडीचंच घ्या. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं ती आपली नेहमीची भेंडी आणि तिची एक रानटी भावकी यांच्या संकरातून काढली, शिरा पिवळ्या करणाऱ्या केवडा रोगाला तोंड देता यावं म्हणून. परभणी क्रांतीचा जन्मही तसाच. पण संकर सुरुवातीला झाला. नंतर पिढ्या वाढवत, निवड करत वाण स्थिर केला. आज पाकिटात मिळते ती सुधारित भेंडी, आणि तिचं बी खुशाल धरावं. नुसत्या नावावर जाऊ नका. अर्का विकास टोमॅटो सुधारित आहे, अर्का रक्षक संकरित, आणि दोन्ही एकाच संस्थेचे. पाकिटावर कन्नड आणि इंग्रजी मजकूर असतो. त्यात 'एफ-१' (म्हणजे संकराची पहिली पिढी) किंवा 'हायब्रीड' हे शब्द शोधा. 'प्रमाणित' या शिक्क्यावरून संकरित-सुधारित कळत नाही. तो शुद्धतेचा आणि उगवणीचा दाखला आहे.

आता 'उगवत नाही' याबद्दल. संकरिताच्या फळातलं बी छान उगवतं. फक्त ते आईसारखं निघत नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर केला, तेव्हा पहिली पिढी सगळी उंच आली. त्या पिढीचं बी पेरल्यावर चारांत साधारण एक झाड बुटकं निघालं. ही झाली एका गुणाची गोष्ट. टोमॅटोत फळाचा आकार, सालीची जाडी, रोगाला टिकणं असे कितीतरी गुण एकाच वेळी विखुरतात. अर्का रक्षक पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांपुढे टिकतो. त्याच्या पुढच्या पिढीत एखादं झाड तिन्ही सोसेल, एखादं एकही नाही. भरपूर फळ हवं असलेल्या घराला ही लॉटरी परवडत नाही. म्हणून बी धरू नये, उगवत नाही म्हणून नव्हे.

संकरित म्हणजे जनुक बदललेलं, हा समज तर साफ चुकीचा. जनुक बदललेल्या बीटी वांग्याला २०१० साली स्थगिती मिळाली. आपल्या दुकानात जनुकीय बदल केलेली भाजी विकायला परवानगीच नाही. बियाला गुलाबी-निळा रंग असतो तो बुरशीनाशकाचा. ते बी खायचं नाही, एवढंच लक्षात ठेवा.

माझं मत ठाम आहे: परड्यात भेंडी, वांगी, मिरची, घेवडा, दोडका, मेथी सुधारित किंवा गावठीच लावा. आपल्याच झाडाचं बी पुढच्या पावसात उगवून येतं, त्यात जो आनंद आहे तो पाकिटात मिळत नाही. संकरित घ्यायचंच तर पावसाळी टोमॅटोसाठी घ्या, कारण इथला पाऊस टोमॅटोला सोसत नाही. कोबीच्या बियाचा प्रश्नच येत नाही. त्याला बी धरायला थंडी लागते आणि ते बी डोंगराळ मुलखात तयार होतं.

बी धरताना एक गोष्ट मला फार खटकते. लोक चांगली चांगली भेंडी खातात आणि शेवटची वाकडी, किडकी शेंग बियाला ठेवतात. मग पुढच्या वर्षी झाड खुरटलं की वाणाला दोष देतात. सुरुवातीलाच निरोगी, जोमदार झाड हेरा, त्याच्या दोन-चार शेंगांना दोरा बांधा आणि त्या झाडावरच वाळू द्या. वांगं पिवळं पडेपर्यंत आणि काकडी पिकून फिकी होईपर्यंत तोडू नका. टोमॅटोचा गर एक-दोन दिवस आंबवा, धुवा, सावलीत वाळवा.

मिरचीचं मात्र सांभाळा. संकेश्वरीशेजारी ढोबळी लावली असेल तर मधमाशा दोघींचे पराग मिसळतात. यंदाच्या मिरचीत काही बदल दिसणार नाही, बदल तिच्या आतल्या बियात होतो. फुलं उमलण्याआधी एका फांदीवर मलमलची पिशवी बांधली की काम झालं. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं. दोडका-काकडीत नर आणि मादी फुलं वेगळी असल्यानं तिथे ही युक्ती चालत नाही. त्यांचा एकच वाण लावावा. शेजारी दोडका आणि काकडी असतील तर चिंता नको, त्या एकमेकींत मिसळत नाहीत.

बी शेजारी वाटायलाही अडचण नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बी ठेवायचा, देवाणघेवाण करायचा आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकायचाही हक्क दिला आहे. फक्त पुडीवर वाणाचं नाव आणि वर्ष लिहून द्या.