सागिसो : बगळ्याच्या रूपाचं दुर्मिळ फूल

जपानी भाषेत ‘सागी’ म्हणजे बगळा आणि ‘सो’ म्हणजे रोप. सागिसो ही पाणथळीत उगवणारी आमरी (ऑर्किड). जुलै-ऑगस्टमध्ये वीतभर ते हातभर उंचीच्या दांडीवर सुमारे 3 सेंटिमीटरची एक ते तीन पांढरी फुलं येतात. ओठासारख्या पुढे आलेल्या पाकळीचे दोन्ही बाजूंचे भाग झालरीसारखे चिरलेले, म्हणजे पसरलेले पंख. मधली अरुंद पट्टी शेपटी. विणीच्या दिवसांत ‘लहान बगळा’ (लिटल इग्रेट) या जातीच्या पाठीवर अशीच विरळ, विस्कटलेली पिसं येतात. आपल्या भातखाचरांत दिसतो तोच हा पक्षी : काळी चोच, काळे पाय, पिवळी बोटं.

1775-76 मध्ये जपानात राहिलेल्या थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने या रोपाला ‘रेडिएटा’, म्हणजे किरणांसारखं पसरलेलं, असं नाव दिलं. शास्त्रीय नावात बगळा आलाच नाही. जपानातल्या हिमेजी शहराने मात्र हेच आपलं फूल मानलं. तिथला किल्लाही पांढऱ्या बगळ्याच्या नावाने ओळखला जातो.

टोप्यांवरच्या तुऱ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात बगळ्यांची जगभर कत्तल झाली. 1902 मध्ये ब्रिटिश भारतातून पिसांच्या निर्यातीवर बंदी आली. पुढे हा व्यापार ओसरला आणि बगळे सावरले, कारण त्यांना भातशेतीतही मासे-बेडूक मिळतात.

सागिसोला ती सोय नाही. तिला हवं उघडं ऊन, झिरपतं पाणी आणि खताचा अंश नसलेली माती. पाणथळी बुजवल्या गेल्या. चाऱ्यासाठी होणारी गवतकापणी थांबली, तिथे उंच गवताने सावली धरली. त्यात हौशी लोकांनी कंद उपटून नेले. बी धुळीइतकं बारीक, त्यात अन्नसाठा नाही. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. म्हणून उजाड झालेली जागा सहजी भरत नाही.

लागवड करायचीच, तर रोपवाटिकेत वाढवलेले कंद घ्यावेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्फॅग्नम शेवाळात 2-3 सेंटिमीटर खोल, कोंब वर ठेवून लावावेत आणि पावसाचं पाणी घालावं. क्षारयुक्त पाणी आणि जास्त खत यांनी मुळं जळतात. फुलोऱ्यानंतर नवे कंद जमिनीखालच्या धाव्यांच्या (आडव्या पसरणाऱ्या फांद्यांच्या) टोकाला धरतात, त्यामुळे पानं हिरवी असेपर्यंत पाणी तोडू नये. हिवाळ्यात शेवाळ दमट हवं. चिंब राहिलं तर कंद कुजतो, पार सुकलं तर मरतो. असे विकत आणलेले कंद रानातल्या पाणथळीत मात्र लावू नयेत, तिथल्या मूळ वाणात भेसळ होते.

सह्याद्रीतल्या हबेआमरींनाही, म्हणजे सागिसोच्या नात्यातल्या आमरींनाही, जमिनीखाली कंदच असतात. फूल खुडलं तर त्या वर्षीचं बी जातं, कंद उपटला तर रोपच संपतं.